सगळ्यांनी आमेन म्हटले

नाशिक, सोमवार, १० नोव्हेंबर २०२५
सकाळी सव्वासहा; पाण्याची मोटर लावली आहे, टाकी भरण्याची वाट पाहत बसलो आहे.

ती. सौ. मनीषाताईस,
धाकट्या ललितचा सलाम वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर बोलायची सोय उरलेली नाही, म्हणून लिहितो. मागच्या वेळी तू स्पीकरवर शमुवेलकाकांच्या गाण्याला कुकरची शिट्टी म्हणालीस. त्यावर आमच्या रूथबाईंनी, वय वर्षे साडेपाच, रविवारी उपासनेनंतर देवळाच्या दारातच काकांना विचारले, की तुमची तिसरी शिट्टी कधी होते. मी मागे चपला शोधण्याचे नाटक करत होतो.

आणि नेमकी आत्ताच त्यांच्याशी गाठ आहे. रूथला जूनमध्ये मिशनच्या शाळेत पहिलीला घालायचे आहे. मंडळीच्या सेक्रेटरीचे शिफारसपत्र असेल तर फी निम्मी होते. ते नसेल, तर पंपांच्या जळक्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या माणसाने त्या शाळेच्या फाटकाकडे पाहूही नये. मी दहावीवर थांबलो, ती थांबू नये एवढेच वाटते. पण सेक्रेटरी कोण, तर शमुवेलकाका! अर्ज घेऊन गेलो तर एकदा शिक्का घरी राहिलेला, एकदा शाई वाळलेली, एकदा म्हणे नेहमीचे पेन सापडत नाही. हा माणूस स्वर्गाच्या दारात उभ्या पेत्राकडेही पोच मागेल.

पोरांचे चालू आहे. आदाम-हव्वेची गोष्ट सांगितली तर रूथ म्हणाली, बागेत साप निघाल्यावर त्यांनी सर्पमित्राला का नाही बोलावले. जोएल तीन वर्षांचा झाला. दानाच्या थैलीत त्याने नाणे टाकले आणि तिकिटासाठी हात पुढे धरून बसला.

संध्याकाळची प्रार्थना आईच्या पद्धतीनेच चालते. जे तोंडावर बोलायचे नाही ते आई डोळे मिटून प्रभूला सांगायची, आणि प्रार्थनेला उलट उत्तर देता यायचे नाही, आठवते ना? काल स्नेहलने ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्यांसाठी फार कळकळीने विनंती केली. बायकोने अशी प्रार्थना केल्यावर नवऱ्याने काय करावे? मी काकांसाठी बराच वेळ प्रार्थना केली. मन हलके होते.

२३ तारखेला कापणीचा सण. देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावाआधी मुलांच्या शब्बाथशाळेतर्फे रूथ प्रार्थना करणार आहे. आवाज मोठा म्हणून तिला निवडले. चार ओळी पाठ करून घेतो आहे.

टाकी वाहू लागली. भाऊजींना सलाम. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
ललित


मालेगाव, १५ नोव्हेंबर

चि. ललित यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर अजून सुंदर आहे, अक्कल आहे तिथेच आहे. वर्गात मी रोज पन्नास पोरे सांभाळते, पण तुझ्याइतके भाबडे त्यात एकही नाही.

शमुवेलकाकांबद्दल मला काय सांगतोस? माझ्या लग्नात त्यांनी आशीर्वादाची प्रार्थना अब्राहामापासून धरली. ते दाविदापर्यंत आले तोवर मटणाच्या रश्श्यावर तेल गोठले होते. दर सणाला धोंडाबाई बिचारी पेठहून एसटीने आपली गावठी कोंबडी देवाला म्हणून घेऊन येते, आणि लिलावात काका ती शंभर रुपयांना उचलतात. पुढची बोली कोणी बोलत नाही, कारण प्रत्येकाचा एखादा कागद त्यांच्याकडे अडकलेला. त्या न बोलणाऱ्यांत तूही असतोस. प्रार्थना मात्र घरी दार लावून करतोस.

सही हातात पडेपर्यंत काकांचे नाव घरात काढू नकोस, प्रार्थनेत तर मुळीच नको. पाळकसाहेब जेवायला आले होते तेव्हा मी काय केले होते ते विसरलास का? आईचे ऐकून ऐकून मी प्रभूला सांगितले, की पाहुण्यांना तिसरी पोळी मागायची इच्छा होऊ देऊ नकोस. ते दुसऱ्या पोळीवर उठले. आईने मला नंतर डोळे उघडे ठेवून समजावले.

रूथ-जोएलला पापे. स्नेहलला म्हणावे, टॉवेलसाठी माझीही प्रार्थना आहे. आठवण ठेवून दोन ओळी लिहीत जा.

तुझी ताई


नाशिक, सोमवार, २४ नोव्हेंबर
सकाळी सात, मोटरवर बसलेल्या कोंबडीला हुसकत आहे.

ती. ताईस सलाम वि. वि.

होय, कोंबडी. सांगतो.

काल टेबलावर भोपळे, मेथी, नागली, टोमॅटोच्या जाळ्या मांडल्या होत्या. धोंडाबाई कोंबडी मांडीवर घेऊन पुढेच बसलेली. रूथने चारही ओळी स्वच्छ म्हटल्या. मी श्वास सोडला. पण तिने डोळे उघडलेच नाहीत, घरच्यासारखीच पुढे निघाली. प्रभूला म्हणाली, की शमुवेलकाकांची प्रार्थना छोटी कर, कारण पुलाव गार होतो. धोंडाबाईच्या कोंबडीचे पूर्ण पैसे द्यायची त्यांना बुद्धी दे. त्यांचा शिक्का आणि पेन सापडू दे आणि माझ्या कागदावर सही होऊ दे. आणि पप्पांनाही मदत कर, ते काकांना घरात हसतात आणि बाहेर घाबरतात.

ताई, स्नेहलने ओढणीत तोंड खुपसले होते. रूथने येशूच्या नावाने मागणे संपवले, आणि सगळ्या मंडळीने सवयीने, एका आवाजात आमेन म्हटले. माइक काकांनी धरलेला, त्यामुळे त्यांचे आमेन सगळ्यांत मोठे झाले.

लिलावात कोंबडी निघाली तशी काकांनी एकदम पाचशेची बोली दिली. धोंडाबाई शेजारणीला विचारू लागली, की सेक्रेटरीला बरं नाय का. अख्खी मंडळी मात्र माझ्याकडे वळून पाहत होती. मी बाहेर घाबरतो हे नुकतेच माइकवर जाहीर झालेले! माझ्या तोंडून सहाशे निघाले. काका सातशे. मी आठशे. मी अकराशे म्हणालो तेव्हा काका गपकन खाली बसले. हसत होते, ताई. इतकी वर्षे शंभरात कोंबडी खाणारा माणूस!

उपासनेनंतर त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशी नाही. सही गेली असे समज. घरी येताना रूथने विचारले, की मी छान केले ना. मी हो म्हणालो. मग ती शाळेच्या डब्याचा रंग सांगत बसली. तिला जांभळा हवा आहे.

तुझ्या दोन शब्दांची वाट पाहतो.

ललित


नाशिक, २८ नोव्हेंबर

चि. ललित यास,
प्रभूमध्ये सलाम.

सोबत चि. रूथचे शिफारसपत्र सही-शिक्क्यानिशी पाठवीत आहे. हे मी आनंदाने केले असा गैरसमज नसावा. भर उपासनेत सहीचे मागणे झाले आणि मी स्वतः माइकवर आमेन म्हणालो. वीस वर्षे सेक्रेटरी असलेल्या माणसाला आपल्या आमेनवरून मागे फिरता येत नाही.

तुमच्या घरच्या पद्धतीने मीही एक प्रार्थना करतो. प्रभू तुझे घरातले तोंड देवळातही चालू ठेवो, आणि बोलीची बाकी नाताळाआधी भरण्याची तुला बुद्धी देवो. याचे आमेन तू म्हणायचे आहेस.

मंडळीच्या सेवेत,
शमुवेल भालेराव

ता. क. गावठी कोंबडीला पाच शिट्ट्या लागतात. शिट्ट्यांतले मला कळते, असे तुमच्या घरी म्हणतात.


नाशिक, रविवार, ३० नोव्हेंबर
संध्याकाळी पाच, रूथ शेजारी बसून कोंबडीला दाणे मोजून घालत आहे.

ती. ताईस सलाम वि. वि.

सोबत काकांच्या पत्राची झेरॉक्स. काल शिफारसपत्र शाळेत दिले, फी निम्मी झाली. शिक्का उलटा मारला आहे, पण चालला. मी आमेन म्हणालो, तेही ओट्यावर उभा राहून, मोठ्याने. स्नेहल म्हणाली, शेजाऱ्यांनी ऐकले ते बरे झाले. आज देवळात काकांना म्हणालोही, की पुढच्या सणाला कोंबडीची बोली पाचशेपासूनच सुरू करायची. ते खिशात पेन शोधू लागले. धोंडाबाई पुढच्या वर्षी दोन आणणार आहे म्हणे.

कोंबडी कापता येत नाही. रूथ रोज संध्याकाळी प्रभूला सांगते, की पप्पांच्या मनातून मसाला काढून टाक. जोएल आमेन म्हणतो, आणि मग आम्हालाही म्हणावे लागते.

बोली ११००. दिले ५००. मंडळीचे देणे ६००. कोंबडीचे दाणे ४०. जांभळा डबा १८०. मटण मसाला, एक पुडी, १०, पडून आहे.

तुझा,
ललित