कूलरचा खालचा पाइप

दादा,

मी कामावर निघालेय, उद्या दुपारी येईन. फोनवर बोलले तर बाबा ऐकतात, म्हणून चिठ्ठी तुझ्या बुटात ठेवलीय.

आज संध्याकाळपर्यंत बाबा व्हॅनला ऑइल कूलर बसवून मोकळे होतील. ते अंघोळीला गेले की खालच्या पाइपचा नट सोड. ट्रे खाली धर, आणि पाइपच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंब, आत कचरा जाता कामा नये. सकाळी ते "हिला साधा नट आवळता येत नाही" म्हणून माझा उद्धार करतील आणि पुन्हा कामाला लागतील. महिनाभर असंच चाललंय.

त्या व्हॅनमध्ये दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बाबांनीच बसवलं होतं. आईला दवाखान्यात नेताना चढावर तेल तापलं आणि इंजिन बंद पडलं. आई तिथेच, मागच्या सीटवर गेली. तेव्हा तू नव्हतास. बाबांच्या डोक्यात ती अजून दवाखान्यातच आहे. कूलर बसला की तिला आणायला निघायचंय. चावी लपवली तर चालत निघतात.

काल आल्या आल्या तू मला सुनावलंस, त्यांना खरं काय ते सांगून टाक म्हणून. मी दोनदा सांगितलंय. दोन्ही वेळा आई त्यांच्यासाठी त्याच क्षणी गेली. आणि सकाळी उठून ते पुन्हा पाना शोधत होते.

तुला सांगायचंच असेल तर खुशाल सांग. पण सांगून झाल्यावर फोन कानाला लावून बाहेर जाऊ नकोस. त्यांच्याजवळ बस.

ते जमणार नसेल, तर दुसरा पाना माझ्या उशीखाली आहे.