कपातली तूर

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ७.

नवं वर्ष, नवी वही. आमचे यजमान देवमन पोस्टातून निवृत्त झाले आणि वाशीमचं क्वार्टर सोडून आम्ही त्यांच्या गावी, आसेगावला राहायला आलो, त्याला आज तीन महिने झाले. तीन महिन्यांत माझ्याशी कामाशिवाय कोणी बोललेलं नाही. तक्रार नाही. फक्त नोंद.

आज मात्र मार्ग सापडला. शेजारची नीलिमा, वय नऊ, आमच्या ओट्यावर बसून वेफर्स खात होती. मी विचारलं, हे कुठून येतं गं बाळा? म्हणाली, "दुकानातून. पायजे का तुमाले?" मी सुन्न. चारी बाजूंनी शेतं असलेल्या गावातलं मूल, आणि अन्न कुठून येतं हे त्याला माहीत नाही!

संकल्प: दर रविवारी अंगणात मुलांचा वर्ग. नाव 'शेतातून ताटात'. धान्य कसं उगवतं, स्वयंपाक कसा होतो, सगळं शिकवणार.

जन्मभर वकिलांच्या ऑफिसात टायपिंग केलं, पण मला व्हायचं होतं टीचर. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना आम्हाला डोमेस्टिक सायन्स शिकवायच्या. पांढरे एप्रन, ओव्हनमधून येणारा व्हॅनिलाचा वास, आणि जेवणाआधी मिटलेले चाळीस जोडी डोळे. 

देवमनना सांगितलं. ते भाकरी थापत होते. (भाकऱ्या तेच करतात. टायपिंगमुळे माझी मनगटं गेली आहेत.) म्हणाले, "शिकव ना. पोराईले इंग्रजी शिकव, कामी येईन." विषय त्यांच्या नीट लक्षात आला नाही.

२ जानेवारी, गुरुवार.

गावच्या शाळेत जाऊन हेडमास्तर ऋषिकेश सरांना भेटले. शनिवारी तिथे दप्तर न आणता मुलं येतात, एक तास मोकळा असतो. सर म्हणाले, आधी घरी काही आठवडे घेऊन बघा, मुलं रमली तर शनिवारचा तास तुम्हाला देऊ. हे म्हणताना ते पोषण आहाराच्या तांदळाच्या पावत्यांवर सह्या करत होते, तरी आवाजात उत्साह होता.

शनिवार माझा झालाच. कॉटनच्या साड्या स्टार्च करायला घेतल्या.

५ जानेवारी, रविवार. सकाळी ११.

पहिला वर्ग. सात मुलं! सर्वांनी मला 'टीचर आजी' म्हणायचं ठरलं (मीच ठरवलं).

विषय: डाळ कुठून येते. जुन्या सेटमधले कान तुटलेले सात कप घेतले, माती भरली. स्वयंपाकघरातल्या डब्यातून तुरीची डाळ आणली, स्वच्छ धुतली, आणि प्रत्येकाच्या हाताने एकेक डाळ पेरून घेतली. नीलिमा म्हणाली, "टीचर आजी, हे तं डाळ हाये." मी म्हटलं, शाब्बास, डाळच! ओळखलंस. सार्थक म्हणाला, "मंग मी फुटाणे पेरू का?" त्याला उद्धटपणाबद्दल समज दिली.

 मुलं एकमेकांकडे पाहू लागली. नवं ज्ञान पहिल्यांदा मिळतं तेव्हा असंच होतं.

सार्थकची आजी हौसाबाई रोज दारावर भाजी घेऊन येतात. नाल्याकाठी त्यांचा स्वतःचा मळा आहे. आज त्या टोपली खाली ठेवून फाटकाशी शेवटपर्यंत उभ्या होत्या. मध्येच पदर तोंडाला लावला. भारावल्या असाव्यात.

८ जानेवारी, बुधवार.

काही उगवलं नाही. गावात सगळीकडे तुरीची मळणी चालू आहे. त्या मशीनचा आवाज, तो धुरळा. अशा वातावरणात कोवळं रोप वर यायचं कसं?

१० जानेवारी, शुक्रवार. सकाळी ६.

देवमन अंगणात कपांपाशी वाकलेले दिसले. विचारलं तर म्हणाले, "मुंग्या पाहून राह्यलो." नखांत माती होती. या वयात माणसं अशी मुलांसारखी होतात.

१२ जानेवारी, रविवार.

दुसरा वर्ग. विषय: ज्वारी आणि भाकरी. ज्वारीचा इतिहास उत्तम झाला. प्रात्यक्षिक जरा बिघडलं. पीठ जुनं होतं, तवा देवमनच्या सवयीचा, आणि ऐन थापताना वारा सुटला. फाटकातून हौसाबाईंनी विचारलं, "बाई, हे भाकर हाये का गोवरी?" लक्ष दिलं नाही. मुलांनी तुकडे खाल्ले. नीलिमा म्हणाली, लय कुरकुरीत झाली. ही मुलगी गुणी आहे.

नंतर मुलांनी आपण होऊन कपांना पाणी घालायची परवानगी मागितली. "तुमी चहा घ्या आजी, आमी पाहतो." मी चहा पिऊन येईपर्यंत सातही डोकी कपांवर वाकलेली. जबाबदारीची जाणीव रुजली. तुरीच्या आधी.

१५ जानेवारी, बुधवार.

संक्रांत झाली. कप तसेच. एकही मूल फिरकलं नाही. हौसाबाईंनी भाजी देता देता एका कपात बोट खुपसलं. मी हरकत घेतली. म्हणाल्या, "माती सुकली का पाह्यत होती, बाई. खात नाही तुमचा कप."

कोणाचाच माझ्यावर विश्वास नाही. सिस्टर फिलोमिनांचा होता.

२० जानेवारी, सोमवार. सकाळी ६.४०.

उगवली!!!

सातही कपांत! एकेक डाळ पेरली होती, आली दोन-दोन रोपं. सातव्या कपात तर तीन. आसेगावच्या मातीचा कस म्हणायचा की माझ्या हाताचा, ते कळत नाही. हौसाबाईंच्या बोटाने नुकसान झालं नाही, हे विशेष.

देवमनना हाका मारल्या. त्यांनी कपात पाहिलं. म्हणाले, "दोन?" पुढचा कप पाहिला. "यात बी दोन?" मग बराच वेळ डोकं खाजवत उभे राहिले. 

फोटो 'कॉन्व्हेंट गर्ल्स ७८' ग्रुपवर टाकला. सतरा अंगठे. एकीने कॅनडाहून 'सो प्राउड ऑफ यू, रत्ना' लिहिलं.

२२ जानेवारी, बुधवार.

ऋषिकेश सर स्वतः घरी आले! कप पाहून खूश. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मुलांसह पाच मिनिटं बोला म्हणाले, गावालाही कळू दे, मग एक तारखेपासून शनिवार तुमचा. बियाणं कुठलं, असं विचारलं. मी म्हटलं, घरचंच. म्हणाले, फारच छान.

पाच मिनिटांच्या भाषणाची सव्वीस मिनिटं झाली आहेत. कमी करते.

२४ जानेवारी, शुक्रवार.

यश मिळालं की जवळची माणसं ओळखू येतात. देवमन म्हणतात, "कप नेऊ नोको. एखादी इंग्रजी पोयम म्हणून दे, लोकाईले आवडते." चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला मत्सर आहे हे मला ठाऊक नव्हतं.

हौसाबाईसुद्धा! मेथीची जुडी हातात देत म्हणाल्या, "बाई, माह्यं आयका, कप घरीच राहू द्या. गावात लय शहाणे लोक हायेत." अर्थ उघड आहे. शेतीतलं गुपित घरोघरी कळलं, तर यांना कोण विचारणार?

२६ जानेवारी, रविवार. दुपारी १२.

सगळं जसंच्या तसं लिहून ठेवणार.

झेंडावंदन झालं. मैदान भरलेलं. टेबलावर माझे सात कप, मागे माझी सात मुलं. बोलायला सुरुवात उत्तम झाली. मग मी म्हटलं, आज घरी जा, डब्यातली तुरीची डाळ घ्या, मातीत पेरा आणि निसर्गाची किमया पाहा.

 पहिल्या रांगेत पांढऱ्या फेट्याचे हेमसिंग नाईक बसले होते. गावातली सगळ्यात जास्त तूर त्यांची. ते उठले, हात जोडले आणि अगदी नम्रपणे विचारलं, "बाई, डाळीतून तूर येते, तं आमी पन्नास वर्सं अख्खी तूर कायले पेरून राह्यलो?"

जो हशा पिकला, तो झेंड्यापर्यंत गेला असेल. मागून कोणीतरी ओरडलं, "नाईक, पुढच्या साली भात शिजवून पेरा!" डाळ म्हणजे भरडून, साल काढून, दोन भाग केलेला दाणा, त्यात उगवायला काही उरतच नाही, असं ऋषिकेश सर माझ्या कानात सांगत होते. मी कप उचलून म्हटलं, मग हे काय आहे?

तेव्हा नीलिमा पुढे आली. रडकुंडीला आली होती. म्हणाली, "आजीले हासू नोका. आमीच टाकली तूर, रानातून आणून. एकेका कपात एकेक. आजीले वाईट वाटलं असतं म्हणून." सातही मुलांनी माना खाली घातल्या.

मी म्हटलं, एकेक? मग दोन कशी आली?

गर्दीत मागे देवमन उभे होते. त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

आता फक्त सातव्या कपातलं तिसरं रोप राहिलं. हौसाबाई म्हणाल्या, "मलेच दोष नोका देऊ. मले काय माहीत, अख्खं गाव पेरून राह्यलं म्हणून!"

याच्यावर मैदान जे हसलं, त्यात मुलंही हसली. माझी मुलं. हे लिहिताना शाई पसरली, ती पेनाची चूक.

२७ जानेवारी, सोमवार.

विश्वासघात करणाऱ्यांची यादी: देवमन. नीलिमा. सार्थक. उरलेली पाच. हौसाबाई. कॅनडाची मैत्रीण (ग्रुपवर विचारते आहे, झाड किती मोठं झालं).

संकल्प: देवमनशी बोलणं बंद. एखादी व्यक्ती पंधरा दिवस रोज सकाळी कपांना पाणी घालते, त्यांच्याशी बोलते, आणि घरचा माणूस ओट्यावर बसून पाहतो! त्यांनी चहा आणून ठेवला. घेतला, पण बोलले नाही.

३० जानेवारी, गुरुवार.

ऋषिकेश सरांचा निरोप: शनिवारचा तास हौसाबाई घेतील. मी 'मार्गदर्शक म्हणून कधीही' यावं.

चौथी पास बाई. शनिवार माझा होता. स्टार्च केलेल्या साड्या कपाटात परत ठेवल्या.

१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २.

शाळेत गेले होते. केवळ माझे कप परत आणायला.

हौसाबाई जमिनीवर बसून शिकवत होत्या. पुढ्यात जातं. म्हणाल्या, "बसा ना बाई, उभ्या कायले?" मुलांनी सरकून जागा दिली. दोन मिनिटं बसले. तास संपेपर्यंत.

तुरीला तेलाचा हात लावतात, पाणी मुरवतात, कडक उन्हात वाळवतात, तेव्हा कुठे जात्यात साल सुटून दाणा दुभंगतो. यात एक-एक आठवडा जातो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोणी विचारलं नव्हतं. बासष्ट वर्षं रोज डाळ खाल्ली. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही तिला 'यलो सूप' म्हणायचो आणि निम्मी ताटात टाकायचो. हे आज उगाच आठवलं.

होमवर्क दिला आहे: पुढच्या शनिवारी प्रत्येकाने स्वतःच्या हातची भाकरी आणायची. हे बोलताना त्यांनी माझ्याकडेही पाहिलं. मी जाणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

नीलिमा ओट्यावर येऊन बसली. मी बोलले नाही. ती म्हणाली, "आजी, रागावल्या असान तं रागवा, पण येजा शनवारी. तुमच्याबिगर तिथं कोणी हसतच नाही." याला काय म्हणावं, कळत नाही. लाडू दिला.

भाकरीचा सराव केला. पहिली तव्यालाच राहिली. दुसरी हातालाच राहिली. तिसरी गाईने हुंगली आणि पुढे गेली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

नाइलाजाने देवमनशी बोलणं सुरू केलं. त्यांना दहा दिवसांत हे लक्षातच आलं नव्हतं की बोलणं बंद आहे. म्हणाले, "मले वाटलं तुह्यं मन लागून राह्यलं गावात." मग भाकरी शिकवायला बसले. संध्याकाळपर्यंत बसले.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १.

गेले. शेवटच्या रांगेत, नीलिमाशेजारी बसले. मुलांच्या भाकऱ्या एकेक करून पुढे गेल्या. कोणाची फाटकी, कोणाची जळकी, सार्थकची दोन जागी ठिगळ लावल्यासारखी. हौसाबाई बोटाने दाबून पाहत, हसत, वासावरून पीठ कधी दळलं ते सांगत. शेवटी माझा डबा उघडला.

 भाकरी वर धरून वर्गाला दाखवली. गोल, पातळ, पापुद्रा टम्म सुटलेला. म्हणाल्या, "पाहा रे पोट्टेहो! याले म्हणते भाकर. बाई, मी तुमाले उगाच गोवरी म्हटलं, माफी करा." मग त्यांनी जाहीर केलं की येत्या शनिवारी टीचर आजीच सगळ्यांसमोर भाकरी करून दाखवतील, तो तास त्यांचा. टाळ्या. सगळी मुलं मागे वळून माझ्याकडे पाहू लागली. बासष्ट वर्षांत वर्गाने माझ्याकडे असं पहिल्यांदाच पाहिलं.

नीलिमाने डब्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. 

मी हो म्हणाले.

भाकरी देवमनची होती. पण पिठाचं पाणी मीच तापवलं होतं.