डाव्या हाताने

भांडुप,
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय नितेश,

आशीर्वाद. तू आणि मीरा बरे असाल. जान्हवीच्या लग्नाची धावपळ चालू असेलच.

टाइप केलेलं पत्र बघून बँकेची नोटीस समजू नकोस. मीच आहे, हेमांगीताई. श्रावणापासून उजव्या हाताने पेन धरवत नाही. काळजीचं काही नाही, वय झालं. मुलुंडच्या वकिलांकडचं टायपिंग सुटणार असं वाटत होतं, तेवढ्यात फिजिओथेरपीवाल्या आकाशने एक जिन्नस मागवून दिला. डाव्या मुठीत मावणारी डबी, बोटांखाली मोजकी बटणं. एका बटणाला एक अक्षर असं नाही. दोन-तीन बोटं एकदम दाबायची, मग अक्षर उमटतं, पेटीवर सूर धरतात तसं. तीस वर्षं दहा बोटांनी प्रतिज्ञापत्रं बडवली आणि पहिल्या दिवशी स्वतःचं नाव लिहायला पाऊण तास लागला. आकाशसमोर रडले चक्क. मग भाजीवाल्याकडे उभी असले तरी पिशवीवर बोटं दाबत राहायची. आता वकीलसाहेब बोलतात त्या वेगाने लिहिते.

साखरपुड्याला बोलावलं नाहीस, त्याचा राग नाही. कमलमावशीने व्हिडिओ पाठवला. पोरगी गोड दिसते. जावई जरा गंभीर वाटला, सुधारेल. त्यात तू व्याह्यांना नारळ देतोस, तो डाव्या हाताने. मावशी ओरडते, "अरे, उजव्या हाताने दे ना." तू हसतोस आणि उजवा हात खिशातच ठेवतोस. तेवढाच तुकडा मी पुन्हा पुन्हा बघितला.

नितेश, हात कधीपासून असा आहे?

मला डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आधी कुणाला होतं का. मी सवयीने नाही म्हणाले. घरी आल्यावर माझीच मला भीती वाटली. पुढच्या आठवड्यात जाऊन खरं सांगितलं.

बाबांचा हात मशीनने ओढला नव्हता. त्यांना आजार होता, नसांचा, मुलांत उतरू शकणारा. १९९८ साली डॉक्टरांनी आईला हे सांगितलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. परत येताना रिक्षात आई म्हणाली, "कारखान्यात अपघात झाला म्हणायचं. नाहीतर तुमची लग्नं व्हायची नाहीत."

मी हो म्हटलं. स्वतः लग्न केलं नाही, पण तोंडही उघडलं नाही. साळवीकाका फोरमन, म्हणून तू त्यांना दोषी धरलंस. त्यांच्या रोशनीशी ठरलेलं लग्न मोडलंस. मी बघत राहिले. तीन वर्षांपूर्वी आईच्या तेराव्याला मी काकांना चहा दिला म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस, तेव्हाही मी गप्प. त्या भल्या माणसाने सत्तावीस वर्षं आपल्या शिव्या खाल्ल्या.

रविवारपासून माझ्या डाव्या हाताची करंगळी वेळेवर खाली येत नाही. एकेक ओळ तीनदा लिहावी लागते. बाबांचाही उजव्यानंतर डावा हात गेला, मग बोलणं, मग गिळणं. तुला आठवत असेल, आई त्यालाही अपघाताचा धक्का म्हणायची. म्हणून आजच पुरं करते आहे.

उद्याच्या उद्या हात दाखवून घे. मी सोबत येते. मी नको असेन तर माझे रिपोर्ट तेवढे घेऊन जा. आणि जान्हवीला लग्नाआधी सांग. पुढे काय करायचं ते तिचं तिला ठरवू दे. आईने माझं तोंड बंद केलं, मी तुला अंधारात ठेवलं, आता तू तुझ्या लेकीला तसंच बोहल्यावर उभं करू नकोस. तू सांगितलं नाहीस तर मी चेंबूरला तुझ्या घरी येऊन सांगेन. मांडवात सांगायची वेळ आली तर मांडवात.

काल साळवीकाकांकडे जाऊन त्यांचे पाय धरले. त्यांनी एवढंच विचारलं, "नितेशला माहितीय?"

तुझी माफी मागायचं तोंड मला नाही.

सगळं माहीत असून तुला न सांगणारी,
तुझी ताई