सहावा खांदा

मी, अल्सिड मॅथुरिन, वय एक्क्याऐंशी, धंदा सुतारकाम, राहणार मॉर्न सिरिल, चर्चच्या खालचं निळं घर, सेंट लुशिया, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. उजवा गुडघा नाही, पण कायदा गुडघ्याची चौकशी करत नाही, असं आमच्या वकीलबाई मिस ज्यूल्स म्हणाल्या. कोणी मला दारू पाजलेली नाही, कोणी धाक घातलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगं काही नाही.

घाई आहे म्हणून लिहीत नाही. स्वस्थ बसवत नाही म्हणून लिहितो. का, ते पाचव्या कलमात येईल.

कलम एक. राहतं घर, खालची जमीन आणि तिच्यावरचं फणसासारखं माजलेलं ब्रेडफ्रूटचं झाड माझी एकुलती मुलगी फिलोमेन हिला. ती बर्मिंगहॅमला नर्स आहे. दर रविवारी फोनवर म्हणते, "पपा, इकडे या, किती दिवस एकटे राहणार?" मी म्हणतो, तिथे थंडीत माझी हाडं करवतीसारखी वाजतील. पोरी, घर वीक, भाड्याने दे, तुझी मर्जी. पण हॉटेलवाल्यांना देऊ नकोस. ते आधी कुंपण घालतात आणि मग आपल्यालाच विचारतात, तुम्ही कोण?

ब्रेडफ्रूट मात्र गावाचं. ज्याला भूक लागेल त्याने काठी घेऊन यावं.

कलम दोन. पतपेढीत जे काही शिल्लक निघेल, ते अंत्यविधीचा खर्च वजा जाता संत योसेफ पुरुष मंडळाला. त्यातून नाताळात घरी पडून असलेल्या म्हाताऱ्यांना पीठ, साखर, खारा मासा आणि एकेक बाटली सरबत द्यावं. सार्डिनचे डबे देऊ नयेत. गेल्या वर्षी मादाम ओडिलला पाच डबे दिले आणि तिच्याकडे डबा फोडायला काही नव्हतं. मी गेलो तेव्हा ती सुरीने टोचत बसली होती. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरात एकदा तरी डोकावावं.

कलम तीन. हत्यारं. दोन्ही रंधे, पटाश्या, गिरमिट आणि गुण्या सिप्रियनला. तो मंडळातला सगळ्यांत तरुण, म्हणजे साठीचा. हात चांगला आहे, तोंड आवरत नाही. वाकस कोणालाही देऊ नये, तिचा दांडा सैल आहे, कोणाचं तरी पाऊल जाईल. कोंबड्या शेजारच्या ओडिलला. मंडळातल्या बाकी चौघांना एकेक करवत, भांडण न करता वाटून घ्यावी. भांडतील, ठाऊक आहे.

कलम चार. मंडळाची मोठी कढई माझ्या पडवीत आहे. ती मंडळाची आहे, माझी नाही, तरी लिहून ठेवतो, नाहीतर फिलोमेन तिच्यात झाडं लावेल. या कढईत वनस्पतीचं तेल सोडून दुसरं काही कधीही तापवू नये. हे मी कायद्याने बंधनकारक करतो. करता येत नसेल तर तसं समजावं.

यामागची गोष्ट गाव जाणतं, पण पुढच्यांना कळावी. गुड फ्रायडेला आमचं मंडळ खाऱ्या माशाची भजी तळतं. आम्ही त्यांना अक्रा म्हणतो. विकून जे येतं त्यातून गरिबांची छपरं दुरुस्त होतात, आणि जे अंथरुणाला खिळलेत त्यांना घरपोच फुकट. एका वर्षी तेल आणायचं काम तेओदुल फेलिसियनकडे होतं. हा तेओदुल म्हणजे माझ्या फिलोमेनचा धर्मपिता. म्हणून आम्ही एकमेकांना कोंपे म्हणायचो. लहानपणापासून एकत्र. त्याने आणलं काय? डुकराची चरबी. डबाच्या डबा. वर्षातला सगळ्यांत कडक उपवास, आणि अख्ख्या गावाने डुकरात तळलेली भजी मिटक्या मारत खाल्ली. कोणी म्हणालं, यंदा काय खुसखुशीत झालीत हो! तेव्हा मी डबा उलटा करून वाचला.

मी चर्चच्या अंगणात सगळ्यांदेखत म्हणालो, "अरे देवा! गावाला बाटवलंस की रे!"

तो म्हणाला, "तेलाचं जहाजच आलं नाही. दुकानात हेच होतं. म्हातारी माणसं वाट बघत बसली असती."

"मग भाजायचं होतं. उकडायचं होतं."

"भजी कोणी उकडतं का, मूर्खा?"

फादर अँब्रोज हसून म्हणाले, अल्सिड, नियम मांसाचा आहे, चरबीचा नाही. फादरना पाककलेतलं कळत नाही, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. तेओदुलने मंडळाचा बिल्ला काढून कढईच्या काठावर ठेवला आणि निघून गेला. मी थांबवलं नाही. आमचं बोलणं त्या दिवशी बंद झालं.

कलम पाच. आता मुख्य गोष्ट. हे लिहिताना दोनदा उठून बाहेर जाऊन आलो. चहा केला, प्यायलो नाही.

मॉर्न सिरिलची दफनभूमी चर्चच्या वर, डोंगराच्या माथ्यावर आहे. पायऱ्या उभ्या, वळणाच्या, पावसात शेवाळलेल्या. गाडी जात नाही. ज्याला नात्यागोत्याचं कोणी नाही, ज्याची पोरं मार्टिनिकला नाहीतर कॅनडात, त्याला वर न्यायचं काम आमचं मंडळ करत आलंय. सहा माणसं, सहा खांदे. चर्चच्या दारापासून खड्ड्यापर्यंत पेटी खाली टेकवायची नाही, हा आमचा रिवाज. दम लागला तर उभ्यानेच थांबायचं आणि जपमाळेचं एक दशक, म्हणजे दहा मणी, म्हणायचं. भांडकुदळ लोकांना नेलं, दारुडे नेले, चर्चचं तोंड न बघणारे नेले. वर पोचलो की डॉमिनो आणि घोटभर रम. आमची मैत्री अशीच झाली, चर्चमध्ये कमी आणि पायऱ्यांवर जास्त.

पूर्वी मंडळात एवढे पुरुष होते की खांद्यासाठी रांग लागायची. आज माझ्यासकट सहा उरलोत. म्हणजे मी मेलो की पाच. पाच जणांना ती पेटी त्या पायऱ्यांवरून नेता येत नाही. मी सुतार आहे, मला वजन कळतं. एका बाजूला दोन, एका बाजूला तीन, पेटी वळणावर कलंडते.

दफनवाल्या दुकानदाराने चाकांची गाडी आणलीय. म्हणतो, पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा उतार करू, दोराने ओढून घेऊ. केळ्यांचे घड ओढतात तसं! मला ते नको. मला खांद्यावर जायचंय. मी आयुष्यभर लोकांना खांद्यावर नेलं. एवढी एकच गोष्ट मी या गावाकडे मागतो.

सबब सिप्रियन आणि इतर चौघे मला नेतील. सहावी जागा रिकामी लिहितो. कोणाचं नाव घालावं ते मला सुचत नाही. जो सुचतो त्याचं घालणार नाही.

का नाही, तेही लिहितो. चरबीमुळे नाही. चरबी मी एखादे वेळी गिळली असती. त्यानंतर माझी बायको युफ्रेझी वारली, तेव्हा मंडळाने तिला वर नेलं. मी पुढे, उजवा खांदा. तेओदुल फाटकाशी टोपी हातात घेऊन उभा होता. माझ्या बायकोच्या हातचं किती जेवलाय तो! आला नाही पुढे. मी बघितलं, तो तिथेच उभा राहिला. हे मला जन्मात विसरता येत नाही.

कलम सहा. हे कलम दुसऱ्या दिवशी लिहितोय, कारण काल एक भानगड झाली.

वरचं सगळं मिस ज्यूल्सना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "काका, छान आहे. पण साक्षीदार दोन लागतील, आणि ज्यांना तुम्ही काही देताय ते चालणार नाहीत. त्यांचं मिळणारं बुडेल."

म्हटलं, गावात राहिलं कोण? मंडळाला करवती, ओडिलला कोंबड्या, फादर मंडळाचे प्रमुख, ब्रेडफ्रूट तर सगळ्यांनाच. ब्रेडफ्रूटचं सोडा हो, त्या म्हणाल्या, नावानिशी ज्यांना काहीच नाही अशी दोन सज्ञान, लिहितावाचता येणारी माणसं आणा. एक मिळाली, दवाखान्यातल्या नर्स क्लेमेंशिया. त्या दुसऱ्या गावच्या. दुसरं नाव सिप्रियनने घेतलं.

"अल्सिडदादा, नावावर फुली मारून ठेवल्यासारखा एकच माणूस आहे गावात. तुम्हीच ठेवलाय तसा."

"त्याचं नाव काढू नकोस."

"मग न सही करता मरा," तो म्हणाला, आणि चपला घालून त्याला बोलवायला गेलासुद्धा.

तेओदुल आला. काठी टेकत. कपडे अंगावर लोंबत होते, एवढा सुकलाय, मला माहीतच नव्हतं. खुर्ची दिली नाही तरी बसला.

"मला काहीच ठेवलं नाहीस म्हणून बोलावलंस होय? आभारी आहे."

"सही करायची आहे. वाचायचं नाही."

"न वाचता मी चिठ्ठीवरही सही करत नाही," असं म्हणून त्याने खिशातून चष्मा काढला आणि पहिल्या शब्दापासून वाचत बसला. कढईपाशी नाकातून आवाज काढला. पाचव्या कलमाला थांबला. नर्सबाई घड्याळ बघायला लागल्या. मी उठून खिडकी उघडली, पुन्हा लावली.

"मी फाटकाशी का उभा होतो ते लिहिलं नाहीस," तो म्हणाला.

"तुला ठाऊक. मला काय ठाऊक?"

"तू माझ्याकडे बघितलंस, कोंपे. आणि मान वळवलीस. मला वाटलं, मी हात लावला तर तू तिथेच पेटी थांबवशील. युफ्रेझीला पायऱ्यांवर थांबवायचं? माझ्यामुळे?"

"खांद्याला कोणी आमंत्रण देतं का रे?"

"नाही देत. पण मनाई तर कोणी करत नाही ना? तुझ्या तोंडावर मनाई होती."

सिप्रियनने आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटलं होतं.

मग मीच म्हणालो, "मग आता सहावा हो. पुढे, डाव्या बाजूला. तुझी जुनी जागा. घालू नाव?"

तो हसला. "नको घालू. खोटं होईल. कास्त्री शहरातल्या डॉक्टरने पोटात गाठ दाखवलीय. नाताळ बघेन का विचारलं, तर तो पंख्याकडे बघत बसला. मी तुझ्याआधी जाणार, कोंपे. पोरं मार्टिनिकला. मंडळातून मी केव्हाच गेलो. त्या चाकवाल्या दुकानदाराशी बोलून ठेवलंय. स्वस्तात नेईन म्हणालाय."

मी रागाने टेबलावर हात आपटला. नर्सबाई दचकल्या. म्हटलं, "तुला चाकांवरून नेणार? तुला? अरे, पन्नास माणसं तू खांद्यावरून नेलीस! मी काय मेलोय का?"

"तुझा गुडघा," तो म्हणाला.

"गुडघ्याचं मी बघतो."

काल त्याने सही केली नाही; आज हे पुढचं लिहून झालं की तो आणि नर्सबाई पुन्हा येणार आहेत. पेन हातात धरून बसला, डोळ्यांतून पाणी येत होतं, पुसलंही नाही. मीही पुसलं नाही. त्याची चरबी मी अजून माफ केलेली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. माफी वेगळी, खांदा वेगळा. ते त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "भजी खुसखुशीत होती, एवढं तरी लिही." लिहिलं.

कलम सात. पाचव्या कलमातली माझी मागणी या कलमाने मागे घेतो. तेओदुलला नेल्यावर मंडळात माझ्यामागे पाचच राहतील, सहावा कुठूनही येणार नाही. माझ्या वेळेला चाकं आणायची तर आणावीत. दोर मजबूत घ्यावा, एवढंच.

तेओदुल फेलिसियनला मात्र संत योसेफ पुरुष मंडळ नेईल. सहा खांदे, पेटी टेकवायची नाही. मंडळाचा बिल्ला त्याच्या कोटाला लावावा. तो कढईपाशी सापडला होता, माझ्या खिळ्यांच्या डब्यात आहे. पुढचा उजवा खांदा माझा. मिस ज्यूल्सना फोन करून विचारलं की हे त्याला दिलेलं धरलं तर त्याची सही बाद होईल का. त्या म्हणाल्या, "काका, खांदा ही मालमत्ता नाही. आणि ते तुम्ही जिवंतपणी करणार आहात, त्याचा मृत्युपत्राशी संबंध नाही."

संबंध आहे. म्हणून सगळ्यांत शेवटी, पूर्ण शुद्धीत, लिहितो. मी उद्यापासून रोज सकाळी त्या पायऱ्या चढणार आहे. गुडघ्याला तेल लावून, काठीशिवाय. तेओदुल फेलिसियनला वर पोचवून खाली येईपर्यंत मला मरायला सवड नाही, आणि तोवर हे मृत्युपत्र कोणीही उघडू नये.

लिहून देणार: अल्सिड मॅथुरिन

आमच्यासमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही:
१. क्लेमेंशिया जोझेफ, नर्स, गाव दवाखाना
२. तेओदुल फेलिसियन, कोळी, मॉर्न सिरिल

मॉर्न सिरिल, सेंट लुशिया. दिनांक १५ ऑक्टोबर २०१९.