पाणी साचत नाही, असं आत्या म्हणाली

ती. आत्याबाईंस,

पालिकेच्या पर्यावरण कक्षातल्या ‘मॅडम’चा वाकून नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? अजून डावाच जास्त दुखतो की उजव्यानेही त्याचा कित्ता गिरवला? इकडे सगळे ठीक. आईचा खोकला गेला. बाबा मजेत आहेत आणि मी ऑफिसात झाडं मोजते असं अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. (मी झाडं मोजत नाही. पण घरातली पहिली पदवीधर नेमकं करते काय, हे त्यांना एका वाक्यात सांगावं लागतं, आणि झाडं मोजणं हे निदान ऐकायला सज्जनपणाचं वाटतं.) मंगळवारी आपण मला चारचौघांत मॅडम म्हणालात, म्हणून पत्रभर आपल्याला ‘आपण’च म्हणायचं असं मी ठरवलं होतं. पण नाही जमत ग. आत्तापासूनच हात अवघडला. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. आणि मी रागावलेली नाही. (थोडी रागावले आहे.)

तुमच्या गल्लीमागच्या खोलगट जागेवर दवाखाना व्हावा म्हणून तू आणि गल्लीतल्या बायकांनी पालिकेत किती खेटे घातलेत ते मी लहानपणापासून पाहतेय. आता तो मंजूर व्हायच्या बेतात आहे. पण मंजुरीआधी त्या बांधकामाने आसपासच्या जमिनीचं, पाण्याचं काय होईल हे तपासावं लागतं. ते माझं काम. म्हणजे तपासतात वेगवेगळी खाती; मी फक्त त्यांची मतं गोळा करते. मला समन्वयक म्हणतात. समन्वयक म्हणजे जिच्या हातात काहीच नसतं आणि जिच्या टेबलावर सगळंच असतं. तर मी सगळ्या खात्यांना एकच साधा प्रश्न विचारला: पावसाळ्यात त्या खोलगट जागेत पाणी साचतं, तिथे भराव घातला तर ते जाणार कुठे? पाणीपुरवठा खात्याने कळवलं की त्यांचं पाणी फक्त नळातलं. गटार खात्याने कळवलं की पाणी गटारात उतरलं की त्यांचं, तोवर त्यांचा त्याच्याशी संबंध नाही. रस्ते खातं म्हणालं, रस्त्यावर आलं तर बघू. उद्यान खात्याने एक माणूस पाठवला, तो भर दुपारी जाऊन पाहणी करून आला. त्याच्या अहवालात लिहिलंय, ‘पक्षी: एक. उडून गेला.’ आत्या, ज्या पाण्यातून डोक्यावर दप्तर धरून मी तुझ्या घरून शाळेत गेले, ते पाणी कुणाचंच नाही हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

मग मी हट्टाने सगळ्यांची एकत्र पाहणी ठरवली. (एकत्र म्हणजे काय विचारू नकोस. एक जण आला तेव्हा दुसरा चहाला गेलेला, दुसरा परतला तेव्हा पहिल्याची जीप गेलेली.) शेवटी बांधकाम खात्याचे इंजिनिअरसाहेब आणि मी असे दोघेच उरलो. ऐन उन्हाळा, जमीन तडकलेली. साहेबांनी बूट आपटून पाहिला आणि म्हणाले, “खणखणीत आहे की!” मी छातीला हात लावून दाखवलं की पाणी इथवर येतं. त्यांनी विचारलं, “कधी पाहिलंत?” मी म्हटलं, चौथीत असताना. त्यावर ते इतक्या सौम्यपणे हसले की मला रडू यायचंच बाकी राहिलं. म्हणाले, “मग आता पोटरीपर्यंत येत असेल. तुम्ही वाढलात, पाणी नाही वाढलं.” म्हटलं चला, गल्लीतच विचारू. माझा केवढा विश्वास होता ग तुमच्यावर! टेलरकाकांनी मान वर न करता सांगितलं, “छे, कधीच नाही.” त्यांच्या शेजारणीने सांगितलं, छे. सगळी गल्ली एका सुरात छे म्हणत होती. सगळ्या घरांच्या भिंती खालून कमरेपर्यंत एकाच निळ्या ऑइलपेंटने रंगवलेल्या, अजून ओल्या. (पाण्याची खूण कुठपर्यंत होती हे मला त्या रंगावरूनच कळलं.) साहेबांनी तर रंगसंगतीचं कौतुक केलं.

आणि मग तुझं दार. साहेबांना तहान लागली म्हणून आपण आत आलो, म्हणजे ते आणि मी आलो, तू आधीच उभी होतीस, पदर खोचून, परीक्षेला बसल्यासारखी. “पाणी साचतं का हो इथे?” “इथे? अहो, नळाला येत नाही, साचेल कुठून!” पलंगाखाली विटा का, तर म्हणे गुडघे वाकत नाहीत, उंच बरा पडतो. “आणि फ्रिजखाली?” “तो पण मीच उघडते ना, याच गुडघ्यांनी.” एवढ्यावर थांबतीस तरी चाललं असतं. पण माझ्याकडे वळून तू म्हणालीस, “मॅडम, तुम्ही या भागात नवीन दिसता.” आत्या! तुझ्या मांडीवर मी बाराखडी शिकले! पेला माझ्या हातात देताना मात्र तू माझी करंगळी जरा दाबलीस. त्या दाबण्याचा अर्थ काढण्यात माझे तीन दिवस गेले.

मला वाटतं तो मला कळलाय. पाणी हा शब्द तोंडातून गेला की दवाखाना दुसऱ्याच वस्तीत जाईल, अशी तुम्हा सगळ्यांना भीती आहे. ती खोटी आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. आमच्या कक्षाच्या बड्या साहेबांना मी विचारलं. ते म्हणाले, खांबांवर उभारता येईल, बाजूने पाण्याला वाट काढता येईल, पण नकाशे नव्याने करावे लागतील, एक पावसाळा जाईल. जागा बदलणार नाही ना, असं विचारल्यावर ते खिडकीबाहेर पाहू लागले. म्हणजे मी तुला काहीच वचन देऊ शकत नाही. शिकले तेव्हा वाटलं होतं, खरं सांगितलं की सगळं सुरळीत होतं, फक्त सांगणारं कुणी हवं. आता टेबलामागे बसून दिसतं की खरं सांगणाऱ्याचंच कधी कधी काहीतरी जातं, आणि बहुतेक वेळा ते त्याच्याकडे एकच असतं. पण दवाखाना भरावावर उभा राहिला आणि त्या जागेतलं सगळं पाणी तुमच्या गल्लीत शिरलं, तर पलंगाखाली आणखी किती विटा लावशील? आणि औषध घ्यायला जाशील कशी, पोहत? बस्स, एवढंच लिहायचं होतं. तू रागावू नकोस. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

तुझी लाडकी (आहे ना अजून?)
भाची

ता. क. उत्तर दिलं नाहीस तर चालणार नाही. पुढच्या शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये दवाखान्याची सुनावणी आहे. तिथे कुणी पाण्याचं बोललं नाही, तर रहिवाशांची हरकत नाही असं धरून भराव मंजूर होईल. तू ये आणि उभी राहून काय ते सांग. माझी विनंती खरं सांगण्याची आहे, पण तू ‘साचत नाही’ म्हणालीस तरी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं जाईल.

ता. क. दुसरा: तू माझी आत्या आहेस हे मी बड्या साहेबांना सांगून टाकलं. त्यामुळे या प्रकल्पावर शेवटचं मत आता ते लिहिणार, आणि पाण्याबद्दल माझ्या बोलण्याला उरलीसुरली किंमतही राहिली नाही. इंजिनिअरसाहेब म्हणाले, “अरेच्चा, त्या तर म्हणाल्या तुम्ही नवीन आहात!”

ता. क. तिसरा: प्रकल्पामुळे कुणाला त्रास होणार असेल, तर त्यावर उपाय काय आणि तो कोण करणार, हे आम्हाला लिहावं लागतं. दवाखाना लांबला तर तुला दर गुरुवारी गुडघे दाखवायला मोठ्या दवाखान्यात जाताना अजून वर्षभर दोन बस बदलाव्या लागतील. हे कागदात घेता येईल का म्हणून विचारलं, नाही म्हणाले. म्हणून इथे लिहिते. उपाय: दर गुरुवारी रिक्षाने नेणं आणि घरी आणून सोडणं. जबाबदारी: भाची. येत्या गुरुवारपासून सुरू. तू सुनावणीत काहीही बोललीस, किंवा आलीच नाहीस, तरी हा उपाय लागू राहील, आणि त्यावर हरकत घेता येत नाही.