चिंचेनं घासलेली तलवार

तीर्थरूप अप्पांस,

पुण्याहून मंजुश्रीचा नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुमच्या गुडघ्याचं काय?

उदगीरच्या भंगारवाल्याकडून तुम्ही आणलेली तलवार आमच्या प्रयोगशाळेत तपासून झाली. श्रीशैलकाका हसायचे ना, "वीरभद्रा, नाटकातली हाय ती, पत्र्याची!" त्यांना सांगा, पत्र्याची नाही. पोलाद हातानं घडवलेलं आहे, वय अंदाजे अडीचशे वर्षं. कुठल्या लढाईतली, ते मात्र मी सांगू शकत नाही.

एक चूक झाली आहे. दर दसऱ्याला पूजेआधी तुम्ही ती चिंचेनं आणि राखेनं घासत आलात, त्यात पात्यावरची नक्षी गेली. वाईट वाटून घेऊ नका. मुठीजवळ आई तुम्हाला हात लावू देत नाही, "जुनं कुंकू पुसायचं न्हाई" म्हणते. तेल-कुंकवाचा तो थर काढायला मला चार दिवस लागले. खाली घडवणाऱ्याचा शिक्का निघाला: चंद्रकोर, साडेचार मिलिमीटरची, अगदी स्पष्ट.

दसऱ्याला तलवार घेऊन येते. यंदा चिंच भिजवू नका. जुन्या शस्त्राला कुंकूही लावू नये, असा आमचा नियम आहे. तो आईला सांगू नका.

तुमची,
मंजुश्री