नववे राष्ट्राध्यक्ष आणि तुझी कानटोपी

नेपरव्हिल, इलिनॉय
२२ फेब्रुवारी, रविवार (वॉशिंग्टनची जयंती)

ती. स्व. अहिल्याताईस,

तुझ्या धाकट्या दिगंबरचा साष्टांग नमस्कार. (इथे खालपासून वरपर्यंत जाड गालिचा आहे, त्यामुळे साष्टांग घालताना गुडघ्यांना काही होत नाही. उठताना होतं.) तुझे गुडघे, तुझी साखर आणि तुझी खालच्या मजल्यावरची भाडेकरीण, तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. प्रतिमा खुशाल, यामिनी आणि जावईबापू सत्यजित खुशाल, कादंबरीला दहावं संपत आलं आणि दातांना तार बसली. थंडी म्हणशील तर काल उणे पंधरा होतं, आणि इथले लोक त्याला ‘जरा गार आहे’ म्हणतात. पण तू काळजी करू नकोस. तू विणून दिलेली तपकिरी कानटोपी मी आल्या दिवसापासून न चुकता घालतो. हे लिहितानासुद्धा ती डोक्यावर आहे, म्हणूनच अक्षर इतकं स्थिर आलं आहे.

पत्रास कारण की, मागच्या रविवारी तू फोन केलास तेव्हा मागून जो आरडाओरडा ऐकू आला, ते भांडण नव्हतं. अमेरिकेचा सर्वांत चांगला राष्ट्राध्यक्ष कोण, यावर मी आणि आमचे व्याही चर्चा करत होतो. (प्रतिमा म्हणते ते भांडणच होतं. पण ती स्वयंपाकघरात होती, तिला शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाज येत होता.) तू विचारलंस आणि मी ‘टीव्ही चालू आहे’ म्हणून वेळ मारून नेली. तेव्हापासून मनाला लागून राहिलं आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

आता तू म्हणशील, व्याही तिथे काय करतात? इकडे अशी रीत आहे की सहा महिने मुलीचे आईवडील, सहा महिने मुलाचे, आणि मध्ये आठ-पंधरा दिवस घराला श्वास घ्यायला. ही पाळी कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळी मराठी घरं ती पाळतात, आणि पाळतात म्हणूनच इतके संसार टिकून आहेत. या वेळी सुमित्राविहीणबाईंच्या भाचीचं लग्न पुढे गेलं, त्यांचं तिकीट अलीकडे आलं, आणि नागपूरचं जोडपं आमचा मुक्काम संपायच्या आठ आठवडे आधीच सूटकेसा घेऊन दारात उभं राहिलं. चंद्रशेखरराव वीज मंडळातून निवृत्त झालेले, माणूस दिलदार, पण मत एकदा बसवलं की खांबासारखं हलत नाही. मी चौतीस वर्षं इतिहास शिकवलेला. एका घरात दोन आजोबा, नात एकच, बाहेर गुडघाभर बर्फ. विषयच काय तो मिळायचा होता, तो कादंबरीच्या शाळेनं पुरवला.

इथे पाचवीच्या मुलांचा एक सोहळा असतो. प्रत्येक मूल एकेक थोर माणूस होऊन, तसा पोशाख करून, पुतळ्यासारखं निश्चल उभं राहायचं. समोर जमिनीवर कागदाचं लाल बटण चिकटवलेलं असतं. पाहुण्यानं त्यावर पाय दिला की पुतळा जिवंत होऊन आपली माहिती सांगणार. यंदा विषय होता राष्ट्राध्यक्ष. वाद नकोत म्हणून बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. कादंबरीला आला नववा, विल्यम हेन्री हॅरिसन. तू हे नाव ऐकलेलं नाहीस, आणि खरं सांगतो, मीही फारसं ऐकलेलं नव्हतं. जेवताना सत्यजितनं फोनवर शोधून वाचून दाखवलं. थंडी-पावसात, डोक्यावर हॅट नाही, अंगात ओव्हरकोट नाही, अशा थाटात या गृहस्थांनी शपथविधीचं भाषण जवळजवळ दोन तास केलं. आजवरचं सगळ्यांत लांब. आणि एकतीस दिवसांनी वारले. कारकीर्द एवढीच. आम्हा मोठ्यांनी हातातले घास असे खाली ठेवले, जणू पोरीला बारावीला कमी मार्क पडले आहेत.

पहिल्यांदा चंद्रशेखरराव बोलले. “का बाप्पा, एक महिना? एवढ्यात तर आमच्याकडं चार्ज घेऊन होत नव्हता!” मग म्हणाले, ज्या राज्याच्या प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटवर लिंकनचं नाव आहे, त्या राज्यात राहून आपल्या पोरीनं लिंकन का होऊ नये? मी म्हणालो, लिंकन मोठाच, पण वॉशिंग्टन तो वॉशिंग्टन. सगळे थांबा म्हणत असताना दोन मुदती झाल्यावर आपण होऊन घरी गेला. (हे मला जास्त कळतं. मला शाळेनं निरोपाचा नारळ दिल्यावरही मी दोन महिने स्टाफरूममध्ये जाऊन बसत होतो.) शिवाय त्यानं लहानपणी चेरीचं झाड तोडलं आणि बापासमोर खरं सांगितलं. ही गोष्ट मी सातवीच्या वर्गाला इतक्या वेळा सांगितली आहे की ते झाड मला ओळखीचं वाटतं. मग सगळेच उतरले. सत्यजितचं मत आयझेनहॉवरला, कारण त्यानं देशभर हायवे बांधायला घेतले. (हा स्वतः शिकागोला लोकलनं जातो, गाडी ड्राइव्ह-वेत झोपलेली असते.) विहीणबाई दुसऱ्या रूझवेल्टच्या, कारण चार वेळा निवडून देणारे लोक काही वेडे नव्हते. प्रतिमेनं कूलिजला मत दिलं. तो कमी बोलायचा म्हणे. देताना तिनं माझ्याकडे पाहिलं. यामिनीनं एकच नियम घातला, की हयात असलेल्या कुणाचंही नाव या घरात निघणार नाही. मागच्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहभोजनात तसं नाव निघालं होतं आणि दोन कुटुंबं आपापली भाजीची भांडी झाकून अर्ध्यातून उठून गेली होती.

या सगळ्यात कादंबरीला कुणी काही विचारलं नाही. ती आपला वरण-भात खात होती.

आता जे लिहितो ते वाचून तू मला बोलशील, आणि बोलायलाच हवं. दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर मी आणि चंद्रशेखरराव प्रथमच एका मतावर आलो, ते असं की एक महिन्याचा राष्ट्राध्यक्ष आपल्या नातीला शोभत नाही. आणि आम्हा दोघांचा जन्म ज्यात गेला तो उपाय आम्ही केला. अर्ज लिहिला. वर ‘माननीय वर्गशिक्षिका यांचे सेवेशी’, खाली ‘विषय: चिठ्ठी बदलून मिळणेबाबत’, इंग्रजीत, पण आपल्या पद्धतीच्या इंग्रजीत. त्यात पसंतीक्रमाचा रकाना सुद्धा केला. पहिल्या पसंतीवर अर्धा तास गेला, शेवटी नाणं उडवून लिंकन पहिला आणि वॉशिंग्टन दुसरा ठरला. तळाशी दोघांच्या सह्या, सहीखाली निवृत्त पदं, आणि वाटेत कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तो लिफाफा पुढच्या सकाळी कादंबरीच्या दप्तरात डब्याच्या खाली ठेवून दिला. विद्यार्थ्याच्या प्रगतीत पालकांनी लक्ष घालावं असं मीच आयुष्यभर पालकसभेत सांगत आलो होतो.

बाईंनी दुपारी यामिनीला फोन केला. मुलगी दुःखी आहे का, घरी काही बोलली का, हवं तर बदलून देऊ, सगळं अगदी गोड आवाजात. यामिनीला काही माहीतच नव्हतं. आणि कादंबरीला बाईंनी आधीच विचारलेलं होतं.

ताई, मला इथे या पाच महिन्यांत सगळ्यात प्रिय काय असेल तर बसच्या थांब्यापासून घरापर्यंतची सात मिनिटं. साडेतीनला पिवळी बस येते, कादंबरी उतरते, दप्तर माझ्याकडे देते आणि घर येईपर्यंत आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत दिवसभराचं सांगते. घरात ती सगळ्यांशी इंग्रजीत बोलते. मराठी फक्त त्या सात मिनिटांत, फक्त माझ्याशी. मी ऑक्टोबरपासून त्यातलं एक मिनिटही चुकवलं नव्हतं. त्या दिवशी ती उतरली आणि दप्तर दिलंच नाही. म्हणाली, “आजोबा, I didn't ask you. He's mine.” मी म्हणालो, अगं पण तो फक्त एक महिना... तर म्हणाली, “That's why! क्लासमध्ये सगळे हसले त्याला. Somebody should do him properly.” आणि भराभरा पुढे निघून गेली. मी मागून बर्फात पाय टाकत चाललो. अशी सात मिनिटं चार दिवस झाली, चारही दिवस एक शब्द नाही. मला रडू येत होतं, आणि इथल्या वाऱ्यात डोळ्यांना तसंही पाणी येतं म्हणून कुणाला कळलं नाही. चंद्रशेखररावांनाही तीच शिक्षा होती. ते तर नुकतेच आलेले, त्यांच्याशी ती अजून धड बोलायलाही लागली नव्हती. तू फोन केलास तेव्हा आम्ही दोघं खरं तर अर्ज लिहायची कल्पना कुणाची यावर ओरडत होतो, राष्ट्राध्यक्ष फक्त तोंडी लावायला होते.

सोमवारी राष्ट्राध्यक्षांच्या नावानं सुट्टी होती, तीही अबोल्यात गेली. मंगळवारी आम्ही दुसरा अर्ज लिहिला. ‘विषय: पूर्वीचा अर्ज मागे घेणेबाबत, व दिलगिरी.’ पण या वेळी तो दप्तरात लपवला नाही. बसथांब्यावर दोघंही गेलो आणि तिच्या हातात दिला. तिनं तिथेच, बर्फात उभी राहून, तो सगळा वाचला, दोन स्पेलिंगं दुरुस्त करायला सांगितली, आणि दप्तर माझ्या हातात दिलं. पाण्याची बाटली चंद्रशेखररावांना दिली. मग म्हणाली, “मला एक टोपी पाहिजे.” घरात हॅट होत्या, सत्यजितची उन्हाळ्यातली होती, यामिनीची होती. नको म्हणाली. तिला तुझी कानटोपी हवी होती. मी लगेच डोक्यावरची काढून दिली.

परवा शुक्रवारी आम्ही सगळे शाळेत गेलो. जिम्नॅशियममध्ये चारही भिंतींना राष्ट्राध्यक्ष लागलेले. वॉशिंग्टनपुढे रांग, लिंकनपुढे त्याहून मोठी रांग. (लिंकनची दाढी सारखी सुटत होती आणि तो बिचारा पुतळा असल्यामुळे हात लावू शकत नव्हता.) आमचे नववे राष्ट्राध्यक्ष पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी, सत्यजितच्या लग्नातला काळा कोट घालून, बोडक्या डोक्यानं, ताठ. दोन्ही हातांत पुढे धरलेली तुझी तपकिरी कानटोपी, आणि तिच्यावर कागद: ‘ही मी घालायला हवी होती.’ मी आणि चंद्रशेखरराव एकदमच लाल बटणावर पाय ठेवायला गेलो. मग मी म्हणालो, तुम्ही ठेवा. ते म्हणाले, नाही, तुम्ही. शेवटी दोघांनी एकेक बूट ठेवला.

पुतळा बोलायला लागला. भाषण सांगितलं, थंडी सांगितली, एकतीस दिवस सांगितले. लोक म्हणतात हॅट नव्हती म्हणून मी आजारी पडलो, पण आता डॉक्टर म्हणतात कदाचित पाणी खराब असेल, हेही सांगितलं. मला वाटलं संपलं. आम्ही घरातल्या सहा मोठ्या माणसांनी एवढंच वाचलं होतं आणि एवढ्यावरच त्याला नापास केलं होतं. पण कादंबरीनं पुढचं पान उलटलेलं होतं. ती म्हणाली, मी गेलो तेव्हा माझा नातू सात वर्षांचा होता. त्याचं नाव बेंजामिन. तो मोठा झाला आणि तेविसावा राष्ट्राध्यक्ष झाला. आजोबा आणि नातू दोघंही राष्ट्राध्यक्ष, असं या देशात फक्त आमचंच आहे. “So I wasn't finished in one month,” ती म्हणाली, आणि पुन्हा पुतळा झाली.

ताई, मी चौतीस वर्षं इतिहास शिकवला आणि मला हे माहीत नव्हतं. चंद्रशेखररावांनी चष्मा काढून पुसला आणि हॉलमध्ये हीटर जास्त आहे असं काहीतरी म्हणाले. आम्ही त्या बटणावर आणखी चार वेळा पाय ठेवला. पाचव्यांदा पुतळ्यानं डोळे मोठे केले, तेव्हा थांबलो. घरी येताना गाडीत सर्वांत चांगला राष्ट्राध्यक्ष कोण हा प्रश्न पुन्हा निघाला आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. सूचक नागपूर, अनुमोदक सातारा, म्हणजे मी. प्रतिमा तेवढी अजून कूलिजलाच धरून आहे.

बाकी सगळं क्षेम. आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो. भावजींना नमस्कार, भाडेकरणीला योग्य ते.

तुझा,
दिगंबर

ता. क. १: हे मी माझ्या मर्जीनं लिहीत नाही. कादंबरीनं सगळं पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि कानटोपीच्या वाक्यांना दोनदा थांबवलं. ताई, मी ती टोपी इथे आल्यापासून एकदाही घातली नव्हती. ती सूटकेसच्या तळाशी, तू गुंडाळलेल्या वर्तमानपत्रात, डांबरगोळ्यांसकट होती. कादंबरीनं ती तिथूनच काढली, आणि सबंध जिम्नॅशियमला डांबरगोळ्यांचा वास येत होता. मला टोपीत मी माकडासारखा दिसतो असं वाटायचं. खोटं बोललो, क्षमा कर. वॉशिंग्टन असता तर पहिल्याच परिच्छेदात खरं सांगितलं असतं, असं मी तिला म्हणालो, तर ती म्हणाली की चेरीच्या झाडाची गोष्ट कुणीतरी नंतर रचलेली आहे, बाईंनी सांगितलं, पण तरी तुम्ही खरंच लिहायचं.

ता. क. २: टोपी आता माझ्याकडे नाही. ती घालून कादंबरी शाळेत जाते. तेव्हा मूळ विनंती अशी: इथल्या समोरच्या घरातल्या अतुलची आई दहा मार्चला पुण्याहून निघते आहे, तिच्याबरोबर दोन कानटोप्या पाठव. एक मला आणि एक चंद्रशेखररावांना. (नागपूरच्या माणसाला थंडी वाजत नाही असं ते अजून म्हणतात, पण रंग निळा चालेल असंही म्हणाले.) बसथांब्यावर आता आम्ही दोघंही उभे असतो. ती सात मिनिटं मी वाटून घेतली आहेत. साडेतीन त्यांना, साडेतीन मला.

ता. क. ३: लोकर उरली तर तिसरीही विण, कादंबरीसाठी, पण वाढत्या अंगाची. आम्ही एप्रिलमध्ये निघू, व्याही ऑगस्टमध्ये निघतील, आणि पुढचा हिवाळा तिला कुणाच्या पाळीत येतो ते अजून ठरलेलं नाही.